अक्काने दिलेला बाप्तिस्मा

आमच्या अक्काने आयुष्यात एकच बाप्तिस्मा दिला, पण तो इतका पक्का दिला की पुढे दोन चर्चांनी दोन बाजूंनी ओढलं तरी त्याचा टाका उसवला नाही. अक्का म्हणजे सईबाई, माझ्या नवऱ्याची आत्या. ती ख्रिस्ती नव्हती. कपाळाला अंगारा लावल्याशिवाय कॉफीला तोंड न लावणारी तंजावरची मराठा बाई होती, आणि तिच्यापुढे बोलायची माझी काय, माझ्या नवऱ्याचीही टाप नव्हती.

लहानपणीच तिचा नवरा गेला. वडील पुढच्या विचारांचे. रडत बसण्यापेक्षा शीक म्हणाले आणि तिला नर्स केलं. मद्रासच्या एका बाळंतपणाच्या इस्पितळात तिने उभी हयात काढली. मी १९५८ साली साताऱ्याहून लग्न होऊन मद्रासच्या वेपेरी भागातल्या त्या घरात आले, तेव्हा ती नुकती निवृत्त झाली होती आणि हुकूम सोडायला तिला वॉर्ड उरला नव्हता. मग मीच तिचा वॉर्ड झाले. तिची जुनी मराठी माझ्या कानांना नीट कळायला महिना गेला. तिचं म्हणणं मात्र असं की साताऱ्याचे लोक मराठी विसरून गेले आहेत, त्याला ती तरी काय करणार.

आमच्याच आवारात, भिंतीला भिंत लागून, देवसहायम मास्तर आणि त्यांची मुलगी राहत. मास्तर मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि रविवारी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गाणाऱ्यांना सांभाळत. मुलीचं नाव अमलोर्पवम. येशूची आई मेरी ही आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून निष्पाप होती, असं रोमन कॅथलिक मानतात, आणि त्या श्रद्धेवरूनच हे नाव पडलेलं आहे. प्रॉटेस्टंटांना ते मान्य नाही. बायबलात लिहिलेलं नाही ते आम्ही का मानावं, म्हणतात. म्हणजे पोरगी वाढली एका घरात आणि नाव दुसऱ्या घरचं. चर्चमधले लोक अडचण नको म्हणून तिला नुसतं अमला म्हणत. पूर्ण नावाने हाक मारणारी एकटी अक्का.

ते नाव आईचं होतं. सेसिलिया कॅथलिक, मास्तर प्रॉटेस्टंट. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं आणि दोन्हीकडची दारं एकदमच बंद झाली. १९४२ च्या उन्हाळ्यात जपानी येणार म्हणून सगळं मद्रास पळत सुटलं, तेव्हा सेसिलियाला दिवस भरत आले होते. मास्तर तिच्यासाठी तिरुनेलवेलीला जागा बघायला गेले आणि इकडे तिला वेळेआधीच कळा लागल्या. इस्पितळ अर्धं रिकामं, डॉक्टर दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकलेले. मूल निळं पडून आलं, आणि आईचं रक्त थांबेना. पाद्री शोधायला धाडायला माणूस नव्हता. कॅथलिकांच्यात अशा वेळेसाठी एक मुभा आहे. मूल जाणार असं दिसलं तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा, अगदी परधर्माच्या माणसानेही. पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत आणि ख्रिस्ती लोक जे करतात ते करायचं आहे एवढं मनात हवं. सेसिलियाने ते शब्द सांगितले, अक्काने म्हटले. मूल जगलं आणि आई गेली.

मास्तर परत आले तेव्हा अक्काने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बायकोच्या कबरीवर शब्द दिला की तिने करवून घेतलेला बाप्तिस्मा मी पुन्हा करणार नाही. तेव्हाचे म्हातारे पाद्री हो म्हणाले आणि विषय मिटला. मुलीला अक्कानेच वाढवलं. संध्याकाळी ती बापाशेजारी बसून बायबल वाची आणि मग आमच्याकडे येऊन अक्काच्या हातचा दहीभात खाई. तिची मराठी तर माझ्यापेक्षा तंजावरी.

ती एकोणीस वर्षांची झाली आणि मिटलेला विषय उघडला, कारण चर्चमध्ये नवे पाद्री आले. त्यांचं नाव ज्ञानाभरणम. इकडे प्रॉटेस्टंट पाद्र्याला लोक अय्यर म्हणतात. माणूस उंच, आवाज खणखणीत आणि अंगात प्रामाणिकपणा इतका की लोकांना त्याचा त्रास व्हावा. आल्या वर्षीच त्यांनी एक पराक्रम केला होता. एका आजीने आजारी नातवासाठी कुणाकडून तरी लूर्दच्या, म्हणजे फ्रान्समधल्या कॅथलिकांच्या पवित्र झऱ्याच्या, तीर्थाची बाटली मिळवली आणि ती घेऊन चर्चमध्ये आली. अय्यरांनी ती बाटली सगळ्यांदेखत आवारातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतली आणि म्हणाले, "पाणी म्हणजे पाणी. लूर्दचं असो, यार्देन नदीचं असो, नाहीतर वेपेरीच्या नळाचं. पावित्र्य पाण्यात नसतं, देवाच्या वचनात असतं." त्या वर्षी शेवगा शेंगांनी लगडला. कॅथलिक बायका म्हणाल्या, लगडणारच. प्रॉटेस्टंट बायका म्हणाल्या, शेणखत घातलं होतं. मी दोघींच्याही शेंगा आणल्या आणि सांबारात टाकल्या.

तर अमलोर्पवमला दृढीकरण हवं होतं. आपल्या तोंडाने आपला विश्वास कबूल करायचा, आणि मग प्रभुभोजनात, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत, हक्काने भाग घ्यायचा. अय्यरांनी विचारलं, बाप्तिस्म्याची नोंद कुठे आहे. नोंद नव्हतीच. कुणी दिला विचारलं तर उत्तर आलं, शेजारच्या सईबाईंनी. अय्यर दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओट्यावर हजर.

"सईअम्मा, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. सगळं बोलणं तमिळमध्ये चालायचं, मी ते आपल्या मराठीत सांगते. "पण बाप्तिस्मा म्हणजे माया नव्हे. तो मंडळीने द्यायचा असतो, मंडळीने नेमलेल्या हाताने. मुलीला मी येत्या रविवारी पुन्हा, म्हणजे पहिल्यांदाच, बाप्तिस्मा देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या आईला जाताना पाच मिनिटं नव्हती."

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली आणि फादर सवरिमुत्तू उतरले. हे कॅथलिकांचे. बुटके, घामाघूम, पांढरा झगा चेनमध्ये अडकू नये म्हणून कमरेशी खोचलेला. सेसिलियाची बहीण त्यांच्या चर्चची, तिच्याकडून त्यांना बातमी लागली होती. आता माझी करमणूक सुरू झाली असं मला वाटलं. कॉफी टाकायला आत गेले, पण कान बाहेर ठेवले.

"मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे," फादर धापा टाकत म्हणाले. "ह्या बाईंनी दिला, तो पूर्ण झाला. तो दुसऱ्यांदा देणं पाप आहे, अय्यर. आणि झालेला आहे म्हणजे मुलगी आमची आहे. तिच्या आईची तीच इच्छा होती. तिला घरी येऊ द्या."

"घरी म्हणजे पोपच्या घरी?"

"पेत्राच्या घरी. स्वर्गाच्या किल्ल्या ख्रिस्ताने आपल्या शिष्याकडे, पेत्राकडे दिल्या, आणि पोप त्याच्याच गादीवर बसतो. तुम्हाला कुणी दिल्या ते सांगा."

"आम्हाला किल्ल्या लागत नाहीत. दार उघडंच आहे. देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, येशू ख्रिस्त. हे बायबल म्हणतं. तुम्ही मध्ये पोप बसवला, बिशप बसवले, मेरीला बसवलं, संतांची रांग लावली."

"आणि ते बायबल तुमच्या हातात आलं कसं? पुस्तकं कोणती घ्यायची, कोणती गाळायची, ते ठरवलं कुणी? ह्याच चर्चने."

अर्धा तास हे चाललं. दोघांची कॉफी गार झाली. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्यांच्याकडे पाद्र्यावाचून पान हलत नाही, ते फादर सांगत होते की बाप्तिस्म्याला पाद्री नसला तरी चालतो. आणि देवा-माणसात कुणी मध्ये नको असं ज्यांचं म्हणणं, ते अय्यर सांगत होते की पाद्र्याचा हातच हवा. मी हे अक्काच्या कानाशी बोलले. अक्का म्हणाली, "गप ऱ्हा गे. मोठीं लोकं भांडताती."

भांडण थांबवलं अमलोर्पवमने. ती भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती, ती ओट्यावर येऊन उभी राहिली. सडपातळ पोर, पण आवाज गाण्याचा.

"फादर, माझ्या आईचा देव मला परका नाही. पण मी बायबल वाचत वाढले, माझा विश्वास तिथेच रुजला. मी माझं चर्च सोडणार नाही." मग ती अय्यरांकडे वळली. "आणि अय्यर, मी पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाही. तो घेतला तर माझ्या आईने मरताना जे केलं ते काहीच नव्हतं, असं मी माझ्या तोंडाने म्हटल्यासारखं होईल. तिने मला दुसरं काही दिलेलं नाही. एक नाव आणि हे पाणी, एवढंच दिलं."

"मग मी तुला दृढीकरण देऊ शकत नाही," अय्यर म्हणाले, आणि त्यांनाही ते म्हणताना वाईट वाटलेलं दिसलं.

"मग मी मागच्या बाकावर बसेन. आयुष्यभर."

ती तसं करणारी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वाढवली कुणी होती शेवटी.  अय्यर म्हणाले, शनिवारी दुपारी चर्चची कमिटी बसेल, सईअम्मांनी यावं आणि कुणी दिला, कशाने दिला, कोणत्या शब्दांनी दिला, हे सगळ्यांसमोर सांगावं. कमिटी ठरवेल ते मी मानीन.

हे ऐकल्यापासून अक्काचा नूर पालटला.  सांबारात मीठ जास्त झालं तरी मला टोकलं नाही, तेव्हा मी घाबरले. शुक्रवारी स्वयंपाकघरात वांगी चिरता चिरता मी विचारलंच, "अक्का, तुम्हाला कमिटीची भीती वाटते?"

"कमिटीची?" ती म्हणाली. "असले कमिटी मी किती पाह्यलीं. भीती कशाने दिलीं त्याची वाटते."

मग तिने जे सांगितलं ते तिने तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं, मास्तरांनाही नाही. त्या दिवशी वॉर्डातला नळ कोरडा पडला होता. माठ रिकामा, पाणी भरणारे पळालेले. चुलीवर हत्यारं उकळत होती, ते पाणी मुलाच्या डोक्यावर घालायचं म्हणजे पोर भाजायची. सेसिलिया तर मनगट धरून पाणी, पाणी म्हणत होती. अक्काच्या पेटीत गंगेचा गडू होता. काशीहून आणलेला, तांब्याचा, तोंड लाखेने बंद केलेला. आपल्याकडे असा गडू देवघरात ठेवतात आणि माणूस जायला लागलं की तो फोडून दोन थेंब तोंडात घालतात. अक्काच्या सासूने तो तिला दिला होता. सून म्हणून बाकी काही हाती लागलं नव्हतं, तेवढा गडू. बाँब पडले तर जवळ असावा म्हणून तिने तो इस्पितळात आणून ठेवला होता, स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी.

"लाख फोडलीं," अक्का म्हणाली. "मजसाठी ठेवलेली गंगा पोरीच्या डोईवर घातलीं. नांव घेतलीं, बाप, लेक, पवित्र आत्मा, सगळीं ती सांगितली तशीं. सेसिलिया विचारली, ओ दिली का पोरगी? मी काय सांगू. पोरगी निळी, आवाज नहीं. मग पोरगी रडली, पण तेव्हां आई गेलती. ऐकली नहीं."

विळीवर माझा हात थांबला. अक्काला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तिची इतकी माया आली की मी भलतंच बोलून बसले.

"अक्का, नळाचं होतं म्हणून सांगा. कोण तपासायला येतंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की वांगी सोडून उठावंसं वाटलं. "मरणाऱ्या बाईच्या कामांत लबाडी? काशीचं पाणी म्हटल्यावर पोरीचा बाप्तिस्मा खोटा ठरला तर ठरूं दे, मी तोंडाने खोटं बोलणार नहीं." मग हळूच म्हणाली, "पण ठरूं नये गे."

शनिवारी आम्ही गेलो. अक्काने इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, नोकरीवर जाताना नेसायची तशी. चर्चच्या बाजूच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं, कमिटीचे पाच-सहा जण बसलेले, मास्तर कोपऱ्यात आणि अमलोर्पवम त्यांच्या शेजारी. सभेची सुरुवात प्रार्थनेने होणार होती, आणि प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनेत सामील व्हायची फादर सवरिमुत्तूंना मनाई. तरी ते आले होते. फाटकाबाहेर सायकल टेकवून उन्हात उभे. बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी. त्यात त्यांना स्वतःला काही मिळणार नव्हतं, मुलगी तर नाहीच म्हणाली होती. मला त्या बुटक्या माणसाबद्दल तिथेच आदर वाटला.

"प्रार्थना झाली, फादर, आत या," अय्यरांनी हाक मारली.

"इथे बरा आहे," फादर म्हणाले, पण एक पाय फाटकाच्या आत ठेवला.

अय्यरांनी विचारायला सुरुवात केली. कुणी दिला? अक्काने सांगितलं. कमिटीतल्या एका वकिलाने भुवया चढवल्या.

"तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवता?"

"नाही."

"तेव्हा ठेवत होता?"

"नाही."

"मग अय्यर, हे संपलंच," वकील म्हणाले. "विश्वास नसलेल्या हाताने दिलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसतं डोकं भिजवणं. आपण काही मंत्रतंत्रवाले नव्हे."

"हात कुणाचा ते बघत नाहीत," फाटकाकडून आवाज आला. "देणारा ख्रिस्त असतो."

"फादर, हे तुमच्या रोमचं शास्त्र झालं," अय्यर म्हणाले. "आम्ही विश्वासाला मानतो. सईअम्मा, मी अडवायला विचारत नाही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. त्या खोलीत विश्वास कुणाचा होता?"

"तिच्या आईचा," अक्का म्हणाली. "तिने माझं मनगट धरलं होतं. तिचा हात वर उचलत नव्हता म्हणून माझा उचलला. शब्द तिचे, विश्वास तिचा. तिला जे व्हायला हवं होतं तेच मला करायचं होतं. हात तेवढा माझा."

 अय्यरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. फादर तोवर सायकलसकट आत येऊन शेवग्याखाली पोचले होते.

"शब्द कोणते?" अय्यरांनी विचारलं.

अक्काने म्हटले. अमलोर्पवम, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. सेसिलियाने सांगितले तसे, तमिळमध्ये, न अडखळता. मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आणि कशाने?"

मी अक्काचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला आणि उभी राहिली. सगळं सांगितलं. नळ, माठ, चूल, पेटी, गडू, लाख. काशीचं नाव तिने मुद्दाम मोठ्याने घेतलं असं मला वाटलं. मास्तर वळून तिच्याकडे बघतच राहिले.

वकील खुर्चीतून अर्धे उठले. "गंगा? म्हणजे हिंदूंचं तीर्थ? नाव पित्याचं आणि पाणी काशीचं? अय्यर, हा बाप्तिस्मा नाही. हा भलताच विधी झाला. मुलीला स्वच्छ पाण्याने—"

अमलोर्पवम उठली. "अय्यर, एक विचारू?"

पण अय्यर तिच्याकडे बघतच नव्हते. ते शेवग्याकडे बघत होते. मग कमिटीही बघायला लागली. झाडाखाली फादर सायकल धरून उभे, डोक्यावर शेंगा लोंबताहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरत चाललं होतं की ते दाबताना त्यांना खोकला आला.

"खाली बस, बाळ," अय्यर म्हणाले. "तू काय विचारणार ते मला ठाऊक आहे. फादरनाही ठाऊक आहे, आणि बहुतेक त्या झाडालाही." ते उठून टेबलापुढे आले. "मी तिथे बाटली ओतताना जे बोललो ते फक्त कॅथलिकांना बोचावं म्हणून बोललो होतो का? असेन तर मी वाईट पाद्री. पण मी ते खरं म्हणून बोललो होतो. पाणी म्हणजे पाणी. लूर्दचं, यार्देनचं, वेपेरीच्या नळाचं. गंगेचंही. पावित्र्य वचनात असतं, आणि वचन त्या खोलीत पूर्ण उच्चारलं गेलं."

"आमचंही तेच शास्त्र," फादर झाडाखालून म्हणाले. "नदीचं, विहिरीचं, समुद्राचं, पावसाचं. खरं पाणी असलं की पुरे. ती नदी कुणाची, हे आम्ही विचारत नाही."

"ऐकलंत?" अय्यर वकिलांना म्हणाले. "रोम आणि मी एका वाक्यावर एकत्र आलो आहोत. पुन्हा कधी येऊ सांगता येत नाही, तेवढ्यात सही करून घ्या."

"पण अय्यर, हात," वकील म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "नेमलेला हात नव्हता."

 अय्यर बोलले तेव्हा आवाजातला खणखणाट गेला होता. "मी दर रविवारी सांगतो की देवाजवळ जायला मध्ये पाद्री लागत नाही. आणि ह्या मुलीच्या दारात मीच आडवा उभा राहिलो. त्या दिवशी देवाने पाद्री पाठवला नाही. आमचाही नाही, ह्यांचाही नाही. जी तिथे होती तिला पाठवलं. तिचा हात त्याने नेमला असेल, तर मी कोण नाही म्हणणारा? मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे. पुन्हा होणार नाही. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. वकिलांनीही, त्यांचं भलं होवो, हात वर केला. अमलोर्पवम धावत येऊन अक्काच्या गळ्यात पडली आणि मी तिथे चर्चच्या व्हरांड्यात शिट्टी मारायची बाकी ठेवली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. नवऱ्याला हे मी सांगितलेलं नाही.

फादर आणि अय्यर ह्यांचं काही मनोमीलन झालं असं कुणी समजू नये. कॉफी यायच्या आत फादर म्हणाले, मुलगी चुकीच्या घरी आहे हे माझं मत कायम आहे. अय्यर म्हणाले, आणि पोप चुकतच नाही हे तुमचं म्हणणं बायबलात दाखवा. दोघं शेवग्याखाली उभे राहून दिवेलागण होईपर्यंत भांडले. ह्या वेळी कॉफी मात्र गार होऊ दिली नाही.

घरी येताना अक्का फुरंगटलेली.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"दोघे मिळून माझ्या गंगेला नुसतं पाणी म्हटले," ती म्हणाली. "वेपेरीच्या नळाच्या पंगतीत बसवले. मी पोरीसाठी गप ऱ्हायलीं, नाहीं तर दाखवली असती." पण पदराआड ती हसत होती, ते मी पाहिलं.

दृढीकरणाच्या रविवारी मास्तरांनी आम्हाला पहिल्या बाकावर बसवलं. ख्रिस्ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर अंगारा लावून बसलेली अक्का, शेजारी मी, पलीकडे तिचा भाचा तुळजाजी, म्हणजे माझा नवरा, बूट काढायचे की नाही ह्या विचारात. उघड्या दारातून फाटक दिसत होतं. बाहेर एक सायकल थांबली होती आणि सायकलवाला टायरमध्ये हवा आहे की नाही ते फार वेळ तपासत होता.

मुलं-मुली पुढे रांगेत उभी राहिली. अय्यर एकेकाचं नाव घेत आणि ज्याचं नाव त्याने ओ द्यायची, अशी पद्धत. अमलोर्पवम शेवटची होती. त्या चर्चमध्ये तिला कुणीही कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती, आणि अय्यर मेरीच्या निष्पापपणाचं ते नाव घेतील असं मलाही वाटलं नव्हतं. ते थांबले. दारातून दिसणाऱ्या सायकलकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग त्या खणखणीत आवाजात, एकही अक्षर न गाळता म्हणाले,

"अमलोर्पवम."

"मी इथे आहे," तिने ओ दिली. गाण्याचा आवाज, चर्चभर भरला.

अक्काने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. समोर बघत, कुणालाही न सांगता, ती आपल्या जुन्या मराठीत म्हणाली, "सेसिलिया, ऐकलीस? पोरगी ओ दिली."